रंगूबाईचं दोन शब्दांचं इंग्रजी

ढवळेवाडीची रंगूबाई शाळेची पायरी कधी चढली नव्हती, तरी आसपासच्या चार वाड्यांत तिची ख्याती अशी की, बाईला इंग्रजी येतं. ती स्वतः हे कधी नाकारत नसे आणि फुगवूनही सांगत नसे. कुणी विचारलंच, तर पदर सावरत म्हणायची, "येतं की. दोन शब्द येत्यात."

ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटे. पण थट्टा नव्हती. खरोखरच दोन शब्द येत होते, आणि ते शिकायला तिला साताऱ्यापर्यंत जावं लागलं होतं.

झालं असं की, शेहेचाळीस सालच्या भादव्यात तिचा नवरा नाथाजी पलटणीतून घरी आला. सात वर्षं तो बाहेर होता. मधे दोनदा रजेवर आला तेवढाच. शेवटची तीन वर्षं इटली नावाच्या मुलखात गेली. तो मुलूख कुठं आहे हे वाडीत कुणालाच माहीत नव्हतं. जोतिबा शिंपी तेवढा म्हणे की बेळगावच्या खाली आहे. नाथाजी ताकारी ठेसनावर उतरला, डोक्यावर काळी ट्रंक, खांद्यावर कांबळं, पायात जाड बूट, अशा थाटात दोन कोस चालत आला आणि घरी जायच्या आधी रीतीप्रमाणं चावडीपुढं थांबला. पारावर पाच-सहा जण बसलेलेच होते.

"आरं नाथा! रजा घेऊन आलास जणू?" कुणीतरी विचारलं.

नाथाजीनं ट्रंक खाली ठेवली, टाच आपटली आणि तोंडभर हसून सांगितलं, "रजा न्हवं गड्या! समदं संपलं आता. आपून डिसमिस!"

लग्न झालं किंवा मुलगा झाला असं सांगताना माणसाचा चेहरा होतो, तसा त्याचा झाला होता. पारावरची माणसं मात्र एकमेकांकडं बघायला लागली.

याला कारण होतं. ढवळेवाडीला हा शब्द नवा नव्हता. पाच वर्षांपूर्वी जंगलखात्यातला गार्ड नानासो सागाची लाकडं परस्पर विकताना सापडला, तेव्हा त्याची नोकरी गेली, पट्टा गेला, डोक्यावरची टोपीसुद्धा उतरवून घेतली. त्या वेळी साहेबाच्या तोंडून जो शब्द निघाला तो गावानं नीट ऐकून ठेवला होता. डिसमिस. तेव्हापासून वाडीत दूध न देणारी म्हैससुद्धा डिसमिस होत असे.

आणि नाथाजीला हे काही ठाऊक नव्हतं. त्याला डिसमिस माहीत होतं ते परेडच्या मैदानावरचं. तीन तास उन्हात पाय आपटून झाले, घसा कोरडा पडला, पाठीचा कणा वाळक्या लाकडासारखा झाला, की हवालदार ओरडायचा, "डिसमिस!" मग उजवीकडं वळायचं, सलाम ठोकायचा आणि चहाच्या पिंपाकडं धावायचं. सात वर्षांत त्याच्या कानावर पडलेला सगळ्यात गोड शब्द तोच होता. मग सात वर्षांची परेड संपली हे सांगायला त्यानं दुसरा कुठला शब्द वापरावा?

त्यानं तो भरपूर वापरला. देवळात, गिरणीत, ओढ्यावर, जो भेटेल त्याला. "डिसमिस झालो बघा, मामा. आता शेती करायची." मामा मान हलवायचे आणि जरा लांबून निघून जायचे.

रंगूबाईच्या हे ध्यानात यायला महिना गेला. आधी तिला वाटलं, बायका आपल्याकडं बघून गप्प होतात त्या नवरा आला म्हणून चेष्टेनं. मग एक दिवस पाणवठ्यावर शेजारीण हळूच म्हणाली, "रंगू, काय वाईट वाटून घिऊ नगंस. हात-पाय धड हायती त्येच लय झालं. नोकरी काय, येतीया जातीया."

"म्हंजी?" रंगूबाईनं घागर खाली ठेवली.

"न्हाई, मी आपलं म्हनलं."

त्याच आठवड्यात कडेगावहून निरोप आला. नाथाजीची धाकटी बहीण विजयमाला हिची सोयरीक कडेगावच्या भाऊसोंच्या मुलाशी, कृष्णातशी, जवळजवळ ठरली होती. मुलगा शेतात राबणारा, अंगानं उभा, बोलायला थोडा. नाथाजी आला की सुपारी फोडायची एवढंच बाकी होतं. पण भाऊसोंचं घराणं पलटणीचं. आजा, चुलता, भाऊ, सगळे शिपाई. निरोप्या उंबऱ्याबाहेरूनच बोलला. पाणीसुद्धा घेतलं नाही त्यानं.

"भाऊसो म्हणत्यात, पोरीत काय खोट न्हाई. पर आमच्या घरात पलटणीचं मीठ खाल्लेली मानसं हायती. सरकारनं हाकललेल्या मानसाच्या घरची सोयरीक जमायची न्हाई."

"कुणाला हाकललं?" नाथाजीनं विचारलं. तो खरोखरच इकडंतिकडं बघायला लागला, जणू दुसरं कुणी मागं उभं आहे.

"तुमाला की. तुमीच तर सांगत फिरताय."

निरोप्या गेला. विजयमाला आत जाऊन भाकरी थापायला बसली आणि त्या दिवशीच्या सगळ्या भाकऱ्या तिनं करपवल्या. रंगूबाई नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आवं, खरं सांगा. पलटणीत काय केलंसा तुमी?"

"काय केलं म्हंजी? लढाई केली."

"मग हाकललं कशापायी?"

"कोन म्हनतं हाकललं? डिसमिस केलं!"

"त्येच इचारतीया मी!" रंगूबाई ओरडली. "त्येलाच हाकलनं म्हनत्यात!"

नाथाजी जोत्यावर खाली बसला. मग तो उठला, ट्रंक उघडली आणि तळाशी कपड्यांच्या घडीत ठेवलेला जाड कागद काढला. पलटणीनं घरी पाठवताना तो हातात दिला होता. त्यावर शिक्का होता, सही होती आणि बाकी सगळं इंग्रजी. नाथाजीला आपलं नाव आणि नंबर तेवढे ओळखता येत.

"हितं काय लिवलं आसंल त्येच खरं," तो म्हणाला.

वाडीत इंग्रजी जाणणारा एकच, जोतिबा शिंपी. तो चार वर्षं पुण्याच्या लष्करात साहेबलोकांचे कपडे शिवत होता. कॉलर, पॉकेट, बटन, हुक, ट्रायल असे त्याचे पंधरा-वीस शब्द पक्के होते आणि खोक्यांवरची अक्षरं लावून लावून तो एखादा शब्द वाचतही असे. त्यानं चष्मा चढवला, कागद मशीनच्या फळीवर पसरला आणि ओळींवरून कातरीचं टोक फिरवत नेलं. एका ठिकाणी टोक थांबलं.

"डी... आय... यस," जोतिबानं वाचलं. "डिस." त्यानं चष्मा काढला आणि सुस्कारा सोडला. "डिसमिसच हाय, नाथा."

"फुडं वाच की."

"फुडं काय वाचायचं? डिसच्या फुडं मिसच येनार. पुण्याला आमच्याम्होरं एका कटरला डिसमिस केला, त्येला सोताची कातर सुदिक न्यू दिली न्हाई." एवढं बोलून त्यानं मोठ्या मायेनं कागदाची घडी घालून परत दिली.

नाथाजी घरी आला तो आजारी माणसासारखा. त्या दिवसापासून त्यानं बूट घालणं सोडलं. बाहेर निघाला तर ओढ्याच्या अंगानं निघे. एकदा तर रंगूबाईला म्हणाला, "आसंल गं, काय तरी चुकलं आसंल माझं. मलाच कळलं न्हाई."

रंगूबाईला हे वाक्य सोसलं नाही. तिचा नवरा वेंधळा होता, बाजारात गेला तर मीठ विसरून गूळ घेऊन येणारा होता, हे ती गावासमोर कबूल करायला तयार होती. पण तो चोर नव्हता. शिवाय जोतिबाचा तिला वेगळाच अनुभव होता. त्यानं मागल्या वर्षी तिच्या चोळीची एक बाही आखूड शिवली होती आणि विचारल्यावर म्हणाला होता, हीच पुण्याची तऱ्हा आहे. जो माणूस दोन बाह्या सारख्या करू शकत नाही, त्याच्या 'डिस'वर किती भरवसा ठेवायचा?

"उठा," तिनं नवऱ्याला सांगितलं. "सातारला जाऊ. तितं पलटणीच्या मानसांसाठी कचेरी हाय म्हनत्यात. ज्यांनी लिवलं त्यांच्याच जातीच्या मानसाकडनं वाचून घिऊ."

"आन् खरंच तसलं काय निगालं तर?"

"तर मोटारीचं भाडं वाया गेलं म्हनायचं. उठा."

इस्लामपूरला जाऊन त्यांनी मोटार पकडली, कऱ्हाडला बदलली आणि दुपार कलताना साताऱ्याला पोचले. कचेरी म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पडवी. आत टेबलाशी आप्पासो नावाचे म्हातारे सुभेदार बसले होते. पेन्शनीत निघालेले, पांढऱ्या मिशा वर वळवलेल्या, अंगात जुनाच खाकी कोट. नाथाजीनं त्यांना पाहिलं मात्र, त्याची पाठ आपोआप ताठ झाली.

सुभेदारांनी कागद वाचला. एकदा वाचला, मग वर बघून विचारलं, "ह्यात काय अडचण हाय?"

"सायेब, मला डिसमिस का केलं त्ये कळंना," नाथाजी म्हणाला.

"कुणी सांगितलं डिसमिस केलं?"

"शिंप्यानं."

सुभेदारांच्या मिशा हलल्या. त्यांनी रंगूबाईकडं पाहिलं, मग नाथाजीकडं आणि खुर्चीत सरळ होऊन एकदम आवाज चढवला, "अटेन्शन!"

नाथाजीच्या टाचा जुळल्या.

"डिसमिस!"

नाथाजी उजवीकडं वळला, सलाम ठोकला, पावलं टाकत दारातून बाहेर पडला, पडवी ओलांडली आणि अंगणातल्या निंबाखाली जाऊन मोकळा उभा राहिला. तिथं पोचल्यावर त्याला आठवलं की आपण इथं कशाला आलो होतो. तो ओशाळून परत आला.

"बघितलंस, बाई?" सुभेदार म्हणाले. "हे एक डिसमिस. परेड मोडली, जा, चहा प्या. ह्यात लाज न्हाई. ह्यो तुझा नवरा हेच डिसमिस गावभर वाटत फिरलाय. दुसरं डिसमिस नोकरीतनं करत्यात. कुणी चोरी केली, हुकूम मोडला, तर त्याला पलटणीतनं काढून टाकत्यात. त्ये वाईट. आन् तुझ्या नवऱ्याच्या कागदावर त्या दोनीतलं एकबी न्हाई. ह्यावर लिवलंय, डिस्चार्ज."

"डिस-चार्ज," रंगूबाई सावकाश म्हणाली. "मग त्ये काय असतं?"

सुभेदार शेतकऱ्याच्याच घरचे. त्यांनी क्षणभर विचार केला. "तुझ्या घरी बैल हाय?"

"दोन हायती."

"दिसभर नांगर वढला, सांजंला तू त्येचं जू उतरवलंस, पाठीवर हात फिरवलास आन् गोठ्यात बांधलास. ह्यो डिस्चार्ज. आन् एखाद्या बैलानं मानसाला शिंग मारलं, तर तू दावं कापून त्येला येशीभायेर हाकलशील. ह्यो डिसमिस. दोनीकडं बैल नांगराला न्हाई, एवढंच सारखं."

"आन् त्ये परेडचं?"

"त्ये वढ्यावर पानी पाजायला सोडलेलं. सकाळी परत जुपायचंच."

रंगूबाईला सगळं लख्ख कळलं. पण ती उठेना. "सुभेदार, तुमी एक करा. ह्ये दोनी शब्द मला मोठ्या अक्षरात लिवून द्या."

"तुला वाचता येतं?"

"न्हाई. पर मेंढरांच्या कळपात आपलं मेंढरू वळखायला वाचता यावं लागतं व्हय?"

सुभेदार मोठ्यानं हसले. एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर त्यांनी दोन्ही शब्द, एकाखाली एक, छापल्यासारखे सुटे सुटे लिहिले. रंगूबाईनं ते मोटारीत गुडघ्यावर धरून कऱ्हाड येईतोवर पाहिले. पहिली तीन अक्षरं दोन्हीकडं जुळ्या बहिणींसारखी सारखी. जोतिबा तिथंच थांबला होता. पण पुढं वाटा फुटत होत्या. चांगल्या शब्दाच्या शेवटाकडं एक अक्षर होतं, त्याचं शेपूट ओळीखाली लोंबत होतं. वाईट शब्दाला शेपूट कुठंच नव्हतं. त्याच्यात दोन साप शेजारी शेजारी उभे होते. शेपूट ते डिस्चार्ज, जोडसाप ते डिसमिस. इस्लामपूर येईपर्यंत तिनं डोळे मिटून बोटानं हवेत दोन्ही काढून पाहिले. शेजारचा प्रवासी जरा सरकून बसला.

गावात परतल्यावर नाथाजीनं पुन्हा बूट घातले आणि बैलाची गोष्ट चावडीवर सांगितली. जोतिबा म्हणाला, "मी डिस बरोबर वाचलं हुतं का न्हाई?" आणि ते खरंच होतं.

राहिलं कडेगाव. सोयरिकीच्या बोलण्याला बाईनं जायची रीत नव्हती. पण तेव्हा मोहरम तोंडावर आला होता आणि कडेगावचे उंच ताबूत बघायला हिंदू-मुसलमान सगळाच मुलूख लोटतो. "मी ताबूत बघाया येतीया," रंगूबाईनं सांगितलं. "तुमी काय बोलायचं त्ये बोला." नाथाजीला मनातून हायसं वाटलं. कारण सुभेदारांचं सगळं त्याला नीट आठवत नव्हतं आणि बैलांची उलटापालट होण्याचा धोका होता.

भाऊसो दाराशी आले ते तोंड आखडूनच. पण दारी आलेल्या माणसाला बाहेर उभं करण्याइतका तो मुलूख उद्धट नाही. पुरुष सोप्यात घोंगडीवर बसले. रंगूबाई माजघराच्या दारात, चौकटीला टेकून बसली. तिथून सोपा सगळा दिसत होता. भाऊसोंनी सांगलीच्या कॉलेजात दोन वर्षं काढून आलेल्या लालासाहेब नावाच्या पुतण्याला हाक मारली आणि नाथाजीचा कागद त्याच्या हाती दिला.

लालासाहेबानं कागद खडाखडा वाचला आणि मराठीत सांगितला. नोकरीचा काळ पुरा, वर्तणूक उत्तम, पलटण कमी केल्यामुळं मोकळं केलं.

"म्हंजी काढून टाकलं न्हाई?" भाऊसोंनी विचारलं.

"न्हाई तात्या. डिस्चार्ज म्हंजे इज्जतीनं घरी पाठवलं."

भाऊसो बराच वेळ दाढी खाजवत राहिले. मग एकदम मोकळे होऊन म्हणाले, "मग पाव्हणं, तुमी आसं वंगाळ का बोलत फिरलासा?"

"मला त्यो शब्द ग्वाड वाटायचा," नाथाजी म्हणाला.

चहा आला. भाऊसोंचा मान राहिला होता, सोयरीकही राहत होती, तेव्हा ते रंगात आले. समोरच्या भिंतीकडं हात करून म्हणाले, "आमच्या घराची तऱ्हा कळावी म्हणून सांगतो. त्यो बघा आमच्या थोरल्या दादाचा कागद."

भिंतीवर काचेच्या चौकटीत एक पिवळा पडलेला कागद होता. दसऱ्याचा झेंडूचा हार अजून तसाच वाळून लटकत होता. भाऊसो सांगायला लागले. "मानमोडीची साथ आली त्या साली दादा रजेवर आला. आला आन् घरात सात जणं आंथरुणाला. आई, बा, मी, समदी. पाणी द्याया मानूस न्हाई. दादाची रजा संपली, पर त्यो गेलाच न्हाई. दोन म्हयनं त्येनं आमाला भरवलं, धुतलं. मेलेल्यांना उचललं. आमी उठलो आन् त्योच पडला. आठ दिसांत गेला. फुडं सरकारचा ह्यो कागद आला, शिक्क्याचा. बा म्हनला, ह्येला चौकट करा. तवापासनं दर दसऱ्याला ह्येची पूजा. लालासाहेब, तू कवा वाचला न्हाईस न्हवं? वाच की, पाव्हण्यांना ऐकू दे."

रंगूबाई त्याआधीच कागदाकडं बघत होती. नवं शिकलेलं माणूस जिथं अक्षर दिसेल तिथं डोळा घालतं, तसा तिनं सहज घातला होता. शिक्क्याच्या वर, मोठ्या छापाच्या मधल्या ओळीत, तीन अक्षरं ओळखीची होती. पुढं ती शेपूट शोधत होती. शेपूट कुठंच नव्हतं. दोन साप शेजारी शेजारी उभे होते.

तिनं पुन्हा पाहिलं. साप हलले नाहीत. ज्या शब्दापायी ह्या माणसानं तिच्या नवऱ्याला ओढ्याच्या अंगानं चालायला लावलं, तो शब्द त्याच्याच भिंतीवर हार घालून बसला होता. दुसरी एखादी असती तर हसली असती. क्षणभर रंगूबाईच्याही ओठांपर्यंत काहीतरी आलं, नाही असं नाही. पण तिच्या डोळ्यांपुढं तो अनोळखी शिपाई उभा राहिला, परत जायचा दिवस टळून गेलेला, आणि आजारी भावाच्या तोंडाला पाण्याचा पेला लावणारा. हुकूम मोडला होता त्यानं. सरकारनं शब्द बरोबरच लिहिला होता.

लालासाहेब चौकटीजवळ गेला. त्यानं काचेवरची धूळ पुसली, ओठ हलले आणि तो तसाच थांबला. त्याची मान लाल झालेली रंगूबाईला मागून दिसली.

"लालासाहेब," ती दारातून म्हणाली, "च्या गार हुतोय तुमचा. त्यावर काय लिवलंय त्ये मला दिसलं."

सगळे वळून बघायला लागले. "बाई, तुमाला इंग्रजी येतं?" भाऊसोंनी विचारलं.

"दोन शब्द येत्यात."

"मग ह्यातला कंचा हाय?"

लालासाहेबानं तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत एवढी विनवणी होती की रंगूबाईला तो जावई करून घ्यावासा वाटला. तिनं पदर पुढं ओढला.

"आपलं काम पुरं करून गेलेल्या मानसाला जो लिवत्यात, त्यो," ती म्हणाली. "पूजा चालू ठेवा, मामा. लायक मानसाची चाललीया."

भाऊसोंचे डोळे पाण्यानं भरले. लालासाहेब खाली बसला आणि गार चहा एका घोटात प्याला. नाथाजी तेवढा भाबडेपणानं म्हणाला, "आमच्या घरात तिलाच जास्ती कळतं," आणि ते सगळ्यांना पटलं. सुपारी त्याच बैठकीत फुटली. परतताना त्यांनी ताबूतही पाहिले. रंगूबाई खोटं बोलून घरातून निघाली नव्हती.

चौकटीतला शब्द तिनं नवऱ्यालाही सांगितला नाही. नाथाजीच्या पोटात शब्द राहत नाही, हे एव्हाना तिला पुरतं कळलं होतं. पुढं कधी लग्नकार्यात लालासाहेब भेटला, तर तो सगळ्यांच्या आधी वाकून तिच्या पाया पडे. बायकांना वाटे, शिकलेला असून पोरगा किती नम्र आहे.

माघात विजयमालाचं लग्न झालं. लग्नात भाऊसोंनी कौतुकानं चार जणांत सांगितलं की आमची विहीण इंग्रजी वाचते, आणि तिथून ही ख्याती पसरली. लोक कागद घेऊन यायला लागले. कुणाच्या मुलाचं पलटणीतलं पत्र, कुणाचा कोर्टाचा कागद, एकदा तर विलायती बी-बियाण्याच्या पाकिटावरची चिठ्ठी. रंगूबाई कागद हातात घेई, शेपूट शोधी, जोडसाप शोधी आणि कागद परत देऊन सांगे, "माझ्या दोनीतला न्हाई ह्यो. चला, वाचनाऱ्याकडं जाऊ."

आणि ती खरंच जायची. हे मात्र गावाला आधी अपेक्षित नव्हतं. ज्यांचे नवरे-मुलगे दूर होते, त्या बायका कागद आला की आधी हंबरडा फोडायच्या आणि मग वाचणारा शोधायच्या. वाचणारा भेटला तरी उंबऱ्याशी उभं राहून अर्धंच विचारून माघारी यायच्या. रंगूबाई सोबत असली की शब्द न् शब्द सोडवून घेई. ताकारीच्या ठेसनमास्तरांना तर तिची सवयच झाली. ती फाटकातून दिसली की ते हातातली निशाणं बाजूला ठेवून विचारायचे, "आज कोणाचं आणलंत?"

अठ्ठेचाळीसच्या पौषात एक दिवस धोंडुबाई धनगरीण तार घेऊन धावत आली. तिचा मेंढरांचा वाडा त्या हंगामात ढवळेवाडीच्या शिवारात बसला होता. मुलगा आकाराम पलटणीत, तिकडं काश्मिराकडं. तार म्हणजे मरणाचीच, असं पक्कं ठरवून ती रडत होती. रंगूबाईनं कागद पाहिला. दोन्हीतला नव्हता. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "चल."

"वाचता येत न्हाई व्हय गं तुला?" धोंडुबाई वाटेत हुंदके देत म्हणाली. "लोक तर सांगत्यात, येतं म्हनून."

"ह्येवढं न्हाई येत. आदीच रडू नगंस. वाचल्यावर रडायचं का न्हाई त्ये बघू."

दोन कोस त्या तशाच चालल्या. एक पुढच्या पुढं धावणारी, दुसरी तिचा हात धरून मागं ओढणारी. ठेसनमास्तरांनी तार वाचली आणि पुन्हा एकदा वाचून खात्री केली.

"रजा मंजूर. शनिवारी ताकारीला उतरतो," ते म्हणाले.

"एवढंच?" रंगूबाईनं विचारलं. "आदी-मदी काय न्हाई? दवाखाना, जखम?"

"काही नाही. एवढंच."

धोंडुबाई फलाटावरच खाली बसली. तिनं डोळे पुसले, कनवटीची तंबाखू काढली, मळली, अर्धी रंगूबाईपुढं केली.

"शनवार म्हंजी कवा?"

"परवा."

"परवा!" धोंडुबाई तंबाखू तोंडात टाकायची विसरून उठली. "अगं, उद्या पहाटं वाडा हलवायचा हुता आमचा, पार लोणंदच्या अंगाला. पोरगं येऊन कुठं हुडकील मग?" आणि ठेसनमास्तरांना रामरामसुद्धा न करता ती रुळांच्या कडेनं गावाकडं पळत सुटली.